यंत्र आमचे, किल्ली कोणाची?

नांदेड आणि लातूरच्या गल्लीबोळात एकेकाळी व्हिडिओ गेमची पार्लरे होती. दोन-चार टीव्ही, त्यांना जोडलेल्या काळ्या पेट्या, पोरांच्या हातात रिमोट आणि तासावर पैसे. २००० नंतरच्या दशकात वस्तीतला बाप पोराला तिथून कान धरून घरी आणायचा आणि 'पोरगं वाया गेलं' म्हणायचा. आम्हीही तेच म्हणत होतो. आज हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्या त्या मताची दुरुस्ती करणे आम्हाला आवश्यक वाटते. पोरगे वाया जात होते की नाही, हा प्रश्न वेगळा. पण ज्या पेटीसमोर ते बसले होते, ती पेटी नुसते खेळणे नव्हती. तो पूर्ण संगणक होता आणि त्याला कुलूप लावलेले होते.

आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी होता. देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यातून नांदेडला शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. घरी संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून एक तास मिळायचा, त्यातही तिघांत एक मशीन. आणि भारनियमनात वीज गेली की तो तासही गेला. एके दिवशी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पार्लरवाला जुनं प्लेस्टेशन विकतोय. त्यावर लिनक्स चालतं असं मासिकात आलंय. आम्ही चौघांनी वर्गणी काढून ते घेतलं तर प्रोग्रॅमिंग शिकता येईल का?"

आम्ही हसलो. हसायला नको होते. तो बरोबर होता आणि आम्ही अडाणी होतो.

ज्यांना लिनक्स हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. संगणकाचे यंत्र चालू झाल्यावर त्याच्या सर्व भागांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना विंडोज ठाऊक असते. ती एका कंपनीच्या मालकीची. तिची आतली रचना ग्राहकाला पाहता येत नाही आणि बदलताही येत नाही. याउलट १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असलाच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला. या दोन्हींच्या मेळातून जी व्यवस्था उभी राहिली, ती आज जगातल्या बहुतेक मोठ्या सर्व्हरवर चालते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. ती कोणालाही उतरवून घेता येते आणि घेतल्याबद्दल कोणाची परवानगी लागत नाही.

आता प्लेस्टेशनकडे वळू. सोनी कंपनीने प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच स्वतःच काढला होता. अमेरिकेत तो २००२ साली १९९ डॉलरला मिळत असे. त्यात ४० जीबीची हार्ड डिस्क, कीबोर्ड, माऊस, नेटवर्कला जोडण्याचे साधन आणि लिनक्सच्या डिस्क होत्या. यंत्राची मेमरी अवघी ३२ एमबी. तरीही त्यावर प्रोग्रॅम लिहिता येत होते. २००३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात अशी सुमारे सत्तर यंत्रे एकमेकांना जोडून शास्त्रीय आकडेमोडीचा प्रयोग करण्यात आला. म्हणजे आमच्या वसतिगृहातला पोरगा जे विचारत होता, तेच अमेरिकेतले शास्त्रज्ञ करून पाहत होते. फरक एवढाच की त्यांना संच मिळत होता आणि १९९ डॉलर म्हणजे चौघांची कित्येक महिन्यांची मेस होती.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स हे यंत्र २००१ च्या नोव्हेंबरात बाजारात आले. त्यात ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ जातीचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क. म्हणजे त्या काळी आपल्या सायबर कॅफेत जे संगणक होते, साधारण तेच. पण त्यावर कंपनीच्या सहीशिवाय दुसरा कोणताही प्रोग्रॅम चालणार नाही अशी सोय करून ठेवलेली. अँड्र्यू हुआंग या तरुण संशोधकाने २००२ साली यंत्राच्या आतल्या तारांवरून जाणारे संदेश टिपले आणि त्या कुलपाची गुप्त किल्ली शोधून काढली. पुढे स्वयंसेवकांच्या गटाने एक्सबॉक्सवर लिनक्स चालवून दाखवले. हुआंग यांनी हे सारे शिकवणारे पुस्तक लिहिले, तेव्हा ठरलेल्या प्रकाशकाने कायद्याच्या भीतीने अंग काढून घेतले. २००३ साली त्यांना ते स्वतःच छापावे लागले. आपण विकत घेतलेल्या यंत्राच्या आत काय आहे, हे सांगणारे पुस्तक छापायलाही प्रकाशक घाबरतो, यातच सगळे आले.

खरी मौज पुढे आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ आणले. भारतात ते २००७ साली सुमारे चाळीस हजार रुपयांना आले. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनी मिळून बनवलेला सेल नावाचा प्रोसेसर त्यात होता. याच प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती वापरून २००८ साली अमेरिकेतील रोडरनर हा महासंगणक जगात पहिल्या क्रमांकावर गेला. असा प्रोसेसर मुलांच्या खेळण्यात घालून कंपनीने आणखी एक गोष्ट दिली. यंत्राच्या मेनूतच 'अदर ओएस' म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालण्याची सोय होती. कुलूप फोडायचे नाही, चोरी करायची नाही. कंपनीनेच दार ठेवले होते आणि यलो डॉग नावाचे लिनक्स त्यातून आत जात होते.

त्या दारातून कोण आत गेले? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत गौरव खन्ना हे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ कृष्णविवरांचा अभ्यास करीत होते. महासंगणकाचा वेळ विकत घ्यायला पैसा लागतो. त्यांनी २००७ साली आठ प्लेस्टेशन जोडले, लिनक्स घातले आणि आपली गणिते त्यावर सोडवली. पुढे ही संख्या सोळा झाली. काही यंत्रे खुद्द सोनीने दिली होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावी १,७६० प्लेस्टेशन जोडून 'काँडोर' नावाचा महासंगणक २०१० साली उभा केला. खर्च सुमारे वीस लाख डॉलर, म्हणजे त्या ताकदीच्या महासंगणकाच्या मानाने अगदी थोडा. नांदेडच्या पार्लरमध्ये पोरे ज्या जातीच्या पेटीवर मोटारी पळवत होती, तिच्यावर अमेरिकेत कृष्णविवरांचे गणित चालले होते. पेटी तीच. फरक होता तो पेटी उघडण्याची विद्या कोणाजवळ होती, याचा.

आणि मग दार बंद झाले. २००९ मध्ये आलेल्या बारीक आकाराच्या नव्या प्लेस्टेशन ३ मधून ही सोय काढून टाकण्यात आली. १ एप्रिल २०१० रोजी कंपनीने ३.२१ क्रमांकाचे अपडेट आणले आणि जुन्या, आधीच विकलेल्या यंत्रांतूनही ती सोय पुसून टाकली. कारण दिले सुरक्षेचे. अपडेट घ्यायचे नसेल तर घेऊ नका, असेही सांगितले. पण न घेणाऱ्याला ऑनलाइन खेळ बंद, कंपनीच्या नेटवर्कचे दार बंद, पुढे येणारे नवे खेळ बंद. म्हणजे पूर्ण पैसे मोजून ज्याने दोन गोष्टी विकत घेतल्या होत्या, त्याला सांगण्यात आले की यातली एक परत कर. कोणती ते तू ठरव!

कंपनीची बाजू आम्ही लपवणार नाही. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने यंत्राच्या संरक्षक थरापर्यंत पोहोचल्याचे जाहीर केले होते. त्यातून खेळांच्या चोरट्या प्रती निघतील, ही भीती कंपनीला होती आणि ती खोटी नव्हती. खेळ बनवणाऱ्यांच्या घामाचा पैसा बुडू नये, हेही मान्य. परंतु एकाने कुलपाला हात लावला म्हणून ज्यांनी काहीच केले नाही अशा सर्वांच्या घरातली खोली बुजवायची, हा कुठला न्याय? शिवाय या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. प्लेस्टेशन ३ ची सुरुवातीची यंत्रे कंपनी तोट्यात विकत होती. नफा होता तो प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या हिश्शात. हँडसेट स्वस्त आणि रिचार्ज महाग, असा हा प्रकार. ज्याने यंत्र घेऊन त्यावर फक्त लिनक्स चालवले, तो कंपनीच्या हिशेबात नुकसानीचा ग्राहक होता. तेव्हा कुलूप नुसते चोरासाठी नव्हते. ग्राहकाने आखून दिलेल्या रस्त्यानेच चालावे, यासाठीही ते होते.

अमेरिकेत ग्राहकांनी २०१० सालीच दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो काढून टाकला, अपिलात २०१४ साली तो पुन्हा उभा राहिला आणि शेवटी २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड मंजूर झाली. एकेका ग्राहकाला जास्तीत जास्त ६५ डॉलर मिळू शकतील, असे त्यात ठरले. पैसे आले, दार मात्र उघडले नाही.

या चळवळीच्या वाचकाला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपली तळी सर्वांना खुली असल्याचा ठराव केला होता. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले आणि तो कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणला. तेव्हा त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. पाणी नाकारणे आणि खेळण्यातला एक पर्याय काढून घेणे या गोष्टी एका तराजूत घालण्याचा पोरकटपणा आम्ही करणार नाही. एक माणूसपणाचा प्रश्न आहे, दुसरा मालाचा. पण त्या इतिहासाने आपल्याला एक खूण शिकवली आहे. हक्क कागदावर असेपर्यंत कोणाला त्रास होत नाही. तो वापरायला सुरुवात झाली की ठराव मागे घेतले जातात.

आता हा प्रश्न आपल्या दारात कसा येतो, ते पाहू. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. नांदेड-लातूरच्या तालुक्या-तालुक्यात त्याची केंद्रे निघाली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, म्हणून आपल्या मुलामुलींनी प्रसंगी उसनवारी करून फी भरली. त्यातून संगणकाची भीती गेली, हा फायदा आम्ही नाकारत नाही. पण शिकवले काय? एका कंपनीची खिडकी कशी उघडायची आणि दुसरे बटण कुठे दाबायचे. पेटीच्या आत काय चालते, ती आपल्या मनाप्रमाणे चालवता येते का, हा प्रश्नच अभ्यासक्रमात नव्हता. आपली पोरे वापरणारी झाली, घडवणारी झाली नाहीत. त्याच दशकात केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण लिनक्सवर नेले. तिथल्या सामान्य घरातल्या मुलांनी परवान्याचा पैसा न भरता तेच शिकून घेतले.

महाराष्ट्रातही एक दार किंचित उघडले होते. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतली छोटी हिरवी-पांढरी यंत्रे पोहोचली. मुले बावीस. दिसायला खेळणे, पण त्यावर लिनक्स चालत होते. त्या यंत्राच्या कीबोर्डवर तर चालू प्रोग्रॅम आतून कसा लिहिला आहे, ते दाखवण्यासाठी म्हणून खास एक कळ दिलेली होती. ती योजना देशभर पसरली नाही, तिच्यात दोषही होते. पण ती कळ आम्हाला फार महत्त्वाची वाटते. एका यंत्राने मुलाला सांगितले, आत पाहा. दुसऱ्याने सांगितले, आत पाहिलेस तर याद राख.

आणि आज? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार कंपनीने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचे प्रोसेसर लागतात. म्हणजे शाळेत, वाचनालयात, झेरॉक्सच्या दुकानात जे चांगले चालणारे संगणक आहेत, त्यांतले कितीतरी निव्वळ या नियमामुळे जुने ठरले. यंत्र बिघडलेले नाही. मालकाने टाकलेले नाही. दूरच्या एका कार्यालयाने त्याला बाद म्हटले. प्लेस्टेशनची गोष्ट म्हणून फक्त खेळणाऱ्या पोरांची राहत नाही. ती आपल्या अभ्यासिकेतल्या, आपल्या वर्गणीतून आणलेल्या मशीनची गोष्ट होते.

तो देगलूरकडचा विद्यार्थी पुढे काय झाला, असे वाचक विचारतील. प्लेस्टेशन त्याने घेतले नाही, कारण नुसत्या पेटीवर काम भागणार नव्हते आणि तो संच आणायचा कुठून? पण त्या काळी उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी परदेशातून पोस्टाने फुकट मिळत असे. २००५ ते २०११ या काळात ही सोय होती. त्याने मागणी नोंदवली. काही आठवड्यांनी परदेशी तिकिटाचे पाकीट वसतिगृहात आले, तेव्हा रेक्टरने ते आधी स्वतः उघडून पाहिले. भंगारात निघालेला एक पेंटियम चौघांनी वर्गणीने घेतला. ती सीडी त्यात घातली आणि चौघे रात्र-रात्र आळीपाळीने बसले. आज लातूरला त्याचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. दुसरीकडून 'आता नवीनच घ्या' असे ऐकून आलेला माणूस त्याच्याकडे येतो. तो पेन ड्राईव्ह लावतो, हलके लिनक्स घालतो आणि तेच मशीन अभ्यासासाठी चालू करून देतो. परवा आम्ही गेलो तेव्हा एका शिक्षकाला तो सांगत होता, "सर, मशीन म्हातारं नाही. त्याला म्हातारं म्हटलं गेलंय."

बांधवांनो, या वाक्यावर विचार करा. नांदेड आणि लातूरमध्ये आपल्या समाजाच्या अभ्यासिका आहेत, विहारांना जोडून वाचनालये आहेत. जयंतीला आपण लाखांची वर्गणी काढतो. त्यातला थोडा भाग आणि नोकरदारांच्या घरी धूळ खात पडलेली जुनी मशीने गोळा केली, तर एकेका वस्तीत पाच संगणकांची लॅब उभी राहू शकते. त्यावर घालायला लिनक्स फुकट आहे. आपल्याच देशातील सी-डॅकने बनवलेले बॉस लिनक्स आहे आणि त्यात मराठी आहे. शिकवायला मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, तेही मराठीत. कमतरता आहे ती शिकलेल्या माणसाने रविवारचे दोन तास देण्याची. इंजिनिअरिंगला गेलेल्या, पुण्या-हैदराबादला नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांनी गावी येताना हे दोन तास सोबत आणावेत.

सावधही राहिले पाहिजे. कुलूप उघडणे म्हणजे चोरी नव्हे, पण चोरीसाठी उघडले तर तो गुन्हाच आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आले. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून चोरट्या विंडोजपेक्षा आणि चोरट्या गेमपेक्षा मोकळे सॉफ्टवेअर, हाच आपला स्वाभिमानाचा रस्ता. दुसरीकडे, २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करता यावी, हा ग्राहकाचा हक्क आहे, हे तत्त्व निदान बोलले जाऊ लागले. त्याचा आग्रह आपणही धरला पाहिजे.

कंपन्यांना हे जमत नाही, असेही नाही. २०२२ पासून परदेशात विकले जाणारे स्टीम डेक हे हातात धरायचे गेमचे यंत्र मुळातच लिनक्सवर चालते. घेणाऱ्याला त्याचा संगणक म्हणून वापर करता येतो आणि हवी तर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही घालता येते. खेळही चालतो, धंदाही चालतो. म्हणजे कुलूप ही यंत्राची गरज नव्हती. तो मालकाचा निर्णय होता.

वस्तीतल्या बापाला आमची एक विनंती आहे. पोरगे गेम खेळताना दिसले तर आधी कान धरू नका. त्याला एक प्रश्न विचारा : ही पेटी आतून कशी चालते रे? त्याला उत्तर येत नसेल तर त्याला अभ्यासिकेत पाठवा. आणि अभ्यासिकेत ते सांगणारा कोणी नसेल, तर तो दोष पोराचा नाही. तो आपला, शिकलेल्यांचा आहे.